सपाट वाट, दमलेले पाय

प्रश्न: अमेरिकेतल्या चेसापीक-ओहायो कालव्याच्या काठाने एका दिवसात ४० कि.मी. धावायचं आहे. सराव डोंगरातला आहे. सपाट वाट सोपीच जाईल ना?

उत्तर: दम कमी लागेल, पाय मात्र जास्त कुरकुरतील. चढउतारावर काम करणारे स्नायू बदलत राहतात; इथे तीच ढांग हजारो वेळा पडते आणि पोटऱ्या आखडतात. जॉर्जटाउन ते कंबरलंड या कालव्याच्या पूर्ण २९७ कि.मी.त चढ जेमतेम १८४ मीटर, तोही मुख्यतः ७४ लॉकपाशी (लॉक म्हणजे पाण्याची पातळी बदलून नावा वर-खाली नेणारे दरवाजांचे कप्पे). त्यामुळे विश्रांतीची सक्ती वाट करत नाही, ती तुम्हीच करायची: पहिल्या तासापासून दर २५ मिनिटांनी २ मिनिटं चाला. थकल्यावर सुरू केलेलं चालणं फारसं कामाचं नाही.

खोल खाचांचे बूट नकोत. जाड, मऊ तळव्याचे घ्या. वाट मुळात नावा ओढणाऱ्या खेचरांची. पावसानंतर चाकोऱ्यांत पाणी साचतं, तेव्हा मधल्या गवतावरून जा. कालव्यावरचा पॉ पॉ बोगदा सुमारे ९५० मीटर लांब, आत दिवे नाहीत. डोक्याला टॉर्च लावा आणि चालतच पार करा. हिवाळ्यात काठावरचे हातपंप बंद असतात, पाणी सोबत हवं.