वरिष्ठांकडची चौकशी संपायची वाट बघू नका

तुमची पोस्ट वाचली आणि रात्री झोप आली नाही. कामावरून परतताना धाकट्या भावाला रस्त्यातून उचललं, सकाळपर्यंत बसवून ठेवलं, मारलं, अटक कुठेच दाखवली नाही, कोऱ्या कागदावर सही घेऊन सोडून दिलं, मोबाईल अजून त्यांच्याकडेच. तुम्ही वरिष्ठांकडे अर्ज दिलात, तिथून 'चौकशी सुरू आहे' एवढंच कळतंय. आता चौकशी पूर्ण होईपर्यंत थांबावं का, असं तुम्ही विचारलंय.

थांबू नका. मी वकील नाही. नाशिकरोडला राहणारी, घर आणि नोकरी सांभाळणारी बाई आहे. प्रत्येक प्रकरण वेगळं असतं, त्यामुळे कलमांची खात्री वकिलाकडून करून घ्या. पण या एका बाबतीत मी ठाम आहे. एफआयआर कशी करायची, अर्ज कसा लिहायचा हे बाकीच्यांनी सांगितलंच आहे, ते पुन्हा लिहीत नाही.

माझा भाऊ टेम्पो चालवतो, पहाटे मार्केटला भाजी पोहोचवतो. काही वर्षांपूर्वी चोरीच्या संशयावरून त्याला असंच नेलं होतं. कानाखाली मारल्याने कानाचा पडदा फाटला. सुटल्याच्या दिवशीच आम्ही त्याला सिव्हिलला नेलं, डॉक्टरांना खरं कारण सांगितलं, त्यांनी एमएलसी (मारहाणीच्या जखमांची कायदेशीर वैद्यकीय नोंद) केली. तो कागद शेवटपर्यंत टिकला. ज्यांनी बुडवलं ते एक वरिष्ठ कार्यालय. नाव घेत नाही, कारण प्रकरण अजून पूर्ण संपलेलं नाही.

त्या कार्यालयाने अर्ज घेतला, शिक्का मारून पोच दिली. आम्हाला वाटलं, आता वरच्या पातळीवर कोणीतरी बघेल. प्रत्यक्षात तो अर्ज 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' वर्ग झाला आणि तोही ज्या ठाण्याबद्दल तक्रार होती त्याच ठाण्याकडे. हे आम्हाला कोणी कळवलं नाही. चौकशीला गेलं की 'फाईल साहेबांकडे आहे'. जावक क्रमांक मागितला की 'पुढच्या आठवड्यात या'. साहेब बदलले, नवीन साहेबांनी पुन्हा पहिल्यापासून सगळं ऐकून घेतलं, सहानुभूतीने मान हलवली आणि फाईल तिथेच राहिली. शेवटी माहिती अधिकारात कागद मिळाले. ज्यांच्यावर आरोप होता त्यांनीच अहवाल दिला होता: सदर इसमास पोलीस ठाण्यात आणलेच नव्हते. सीसीटीव्ही मागितला तर उत्तर आलं की साठवण क्षमता संपल्याने फुटेज आपोआप पुसलं गेलं. आणि या सगळ्यात सहा महिने उलटून गेले होते.

हे सहा महिने का महत्त्वाचे? महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मध्ये कलम १६१ आहे. कर्तव्याच्या नावाखाली पोलिसाने केलेल्या कृत्याबद्दल खटला किंवा दावा घटनेपासून सहा महिन्यांत दाखल व्हायला हवा. खटल्यासाठी राज्य सरकारची पूर्वपरवानगी असेल तर दोन वर्षांपर्यंत मुभा आहे, पण ती परवानगी मिळवणं हे वेगळंच दिव्य. दाव्याआधी त्या पोलिसाला किमान एक महिन्याची नोटीस, आणि सरकारविरुद्ध असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची. म्हणजे तयारी खूप आधी सुरू करावी लागते. (वकिलाशी बोलताना 'पोलीस अधिनियमाचं १६१' असं पूर्ण म्हणा. नुसतं १६१ म्हटलं की जुन्या लोकांना जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं जबाबाचं कलम आठवतं.) मारहाण हे कर्तव्यच नाही, म्हणून ही मुदत लागू होत नाही, असा युक्तिवाद वकील करतात. त्यात दम आहे. पण तो युक्तिवाद करण्यातच आमचा किती काळ गेला! मुदतीत गेलात तर त्याची गरजच पडणार नाही.

विभागीय चौकशी चालू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही. कोणी साहेबाने तोंडी आश्वासन दिलं म्हणूनही थांबत नाही. 'आधी आमची चौकशी होऊ द्या, मग कोर्टात जा' असं तुम्हाला नक्की सांगितलं जाईल, आम्हालाही अगदी आपुलकीने सांगितलं होतं. सांगणाऱ्याचा हेतू कदाचित वाईट नसेलही, पण नुकसान तुमचंच होतं.

दुसरी मुदत फुटेजची. परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे आणि त्यांचं रेकॉर्डिंग शक्यतो १८ महिने, आणि कुठल्याही परिस्थितीत एक वर्षाच्या खाली नाही, असं सांगितलं आहे. कागदावर हे आहे, डीव्हीआरमध्ये (फुटेज साठवणाऱ्या यंत्रात) असेलच असं धरून चालू नका. त्यामुळे आधी फुटेज 'द्या' म्हणू नका, 'जतन करा' म्हणा. तारीख, वेळ, कुठला भाग (प्रवेशद्वार, ठाणे अंमलदाराची खोली, लॉकअप, मागचं दार) हे लिहून, वरच्या निकालाचा उल्लेख करून पत्र द्या. ते ठाण्याला, पोलीस आयुक्तांना, तुमचा भाग ग्रामीणमध्ये येत असेल तर पोलीस अधीक्षकांना, स्पीड पोस्टने आणि ईमेलनेही पाठवा. ट्रॅकिंगचं पान लगेच छापून ठेवा. असं पत्र गेल्यानंतर फुटेज पुसलं गेलं तर ती गोष्ट कोर्टासमोर त्यांच्या अंगावर येते. पत्र नसेल तर ती नुसती तांत्रिक अडचण ठरते. उचललं त्या जागेजवळच्या दुकानदाराचा कॅमेरा विसरू नका, तो कुठल्याही सरकारी कॅमेऱ्याच्या आधी पुसला जातो. भावाच्या गुगल खात्यात त्या रात्रीचं लोकेशन असेल तर तेही उतरवून घ्या. घरच्यांनी त्या रात्री ११२ ला फोन केला असेल तर त्याचीही नोंद असते, ती मागा.

माहितीच्या अर्जात ठाणे दैनंदिनीचा (ठाण्यातल्या रोजच्या नोंदवहीचा) त्या दिवशीचा उतारा मागा. 'तपास चालू आहे' म्हणून नाकारलं तर पहिलं अपील ३० दिवसांत. माहिती दिल्याने तपासाला नेमकी बाधा कशी येते हे त्यांनी दाखवायला हवं, नुसतं माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ चा आकडा लिहून चालत नाही. दुसऱ्या अपिलासाठी राज्य माहिती आयोगाचं खंडपीठ नाशिकलाच आहे, एवढी एक सोय आपल्याला आहे.

कोऱ्या कागदावरच्या सहीचं आजच लिहून पाठवा. भावाच्या नावाने, त्याच्या सहीने, 'अमुक रात्री माझी सही कोऱ्या कागदावर घेतली, त्यावर पुढे जो मजकूर येईल तो माझा नाही' असं. हे मला सगळ्यात घाईचं वाटतं, कारण त्या कागदावर नंतर 'स्वखुशीने आलो, काही तक्रार नाही' असं उमटू शकतं. मोबाईलसाठी जप्ती पंचनामा मागा. पंचनामा नसेल तर फोन कुठल्या अधिकाराने ठेवला, हा प्रश्न लेखी विचारा.

आता कुठे जायचं. आयुक्तांकडे दिलेला अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १७३(४) खालचा आहे असं स्पष्ट लिहिलेलं असू द्या, कारण पुढे दंडाधिकाऱ्यांकडे १७५(३) खाली जाताना तेच आधी विचारतात, आणि प्रतिज्ञापत्रही लागतं. लोकसेवकाविरुद्ध असल्याने १७५(४) प्रमाणे दंडाधिकारी वरिष्ठांचा अहवाल मागवू शकतात, त्यात वेळ जातो, म्हणून लवकर जा. त्याच वेळी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण. सर्वोच्च न्यायालयाच्या पोलीस सुधारणांवरच्या प्रकाश सिंग निकालानंतर (२००६) महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून ते आणलं, आणि कार्यपद्धती न पाळता केलेली अटक किंवा स्थानबद्धता हा विषय थेट त्यांच्या कक्षेत येतो. आणि राज्य मानवी हक्क आयोग. तिथली मुदत घटनेपासून एक वर्ष. आमची बाकीची दारं अर्धवट बंद झाली होती, पण आयोगाकडची तक्रार वर्षाच्या आत गेली होती म्हणून तीच टिकली. आयोग नुकसानभरपाईची शिफारस करू शकतो.

भरपाईसाठी उच्च न्यायालयात रिट (मूलभूत हक्कांसाठीची थेट याचिका) हाही मार्ग आहे. रुदल शाह (१९८३) आणि नीलाबती बेहेरा (१९९३) या निकालांनी तो पक्का केला: मूलभूत हक्क तुडवला तर सरकारला 'आम्ही सार्वभौम आहोत' म्हणून हात झटकता येत नाहीत. आपल्यासाठी मुंबईचं मुख्य पीठ. खर्चिक आहे, पण वकिलाला विचारा तरी.

भावाला जबाबासाठी बोलावतील. एकटा पाठवू नका. जबाब पूर्ण वाचून, चूक असेल तिथे दुरुस्ती करून घेऊनच सही. आमच्या आईलाही साक्षीदार म्हणून ठाण्यात बोलावलं होतं. महिलांना त्यांच्या घरीच विचारावं लागतं, हे आम्ही लेखी कळवलं आणि जबाब घरी येऊन घेतला गेला. आता ही तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ मध्ये आहे, आणि ती साठीच्या पुढच्या पुरुषांनाही लागू आहे.

मध्यस्थ येतीलच. आमच्याकडे ओळखीचे एक कार्यकर्ते आले, 'मुलाचं पुढे नुकसान होईल, मिटवून टाका' म्हणाले. माझं मत: पैसे आणि मिटवामिटवी यांना चौकशी संपेपर्यंत दारात उभं करू नये. घाबरून मिटवणाऱ्यांना मी दोष देणार नाही, त्यांना रोज त्याच रस्त्याने जायचं असतं. पण मिटवायचंच असेल तर निदान वकिलासमोर, काय लिहून देतोय हे कळून. व्हिडिओ व्हायरल करण्याच्या मात्र मी विरोधात आहे. त्यातून 'सरकारी कामात अडथळा'ची उलट तक्रार येते आणि मूळ प्रकरण मागे पडतं. ठाण्यात आवाज चढवू नका, जे म्हणायचं ते कागदावर म्हणा.

सगळे पोलीस तसे नसतात. आम्हाला पोच द्यायला कोणी तयार नसताना एका हवालदाराने शांतपणे शिक्का मारून वेळ लिहून दिली. त्या वेळेच्या नोंदीमुळेच पुढे आमचं म्हणणं खरं ठरलं. अशा माणसांवर दबाव येतो तेव्हा त्यांच्या मागे कोणी उभं राहत नाही, याचाही मला राग आहे. आपल्याच त्र्यंबक रोडवर राज्याची पोलीस अकादमी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालातले अटकेचे नियम तिथे शिकवले जात असणार. अटकेचा मेमो, त्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकांना कळवणं: १९९६ पासून हे बंधनकारक आहे, आणि आता संहितेतच कलम ३६ आणि ४८ म्हणून आहे. तरी मेमोशिवाय रात्रभर बसवून ठेवणं ही आपल्याकडे लोकांनी गृहीत धरलेली गोष्ट झाली आहे. गृहीत धरू नका.

वकिलाचे पैसे नसतील तर नाशिकच्या सीबीएसजवळच्या (मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या) जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, हेल्पलाइन १५१००. तिथे मोफत वकील मिळू शकतो. जाताना भावाला बरोबर न्या, वकीलपत्रावर त्याची सही लागते. सिव्हिलचे कागद, अर्जाची पोच आणि घटनाक्रम एका पानावर तारीख-वेळेसह लिहून न्या. घटनेची नेमकी तारीख तुम्ही पोस्टमध्ये दिलेली नाही. ती पानाच्या सगळ्यात वर लिहा आणि वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारा की सहा महिने कोणत्या तारखेला संपतात.