स्टेकहोल्डरला भागधारक म्हणू नका

प्रश्न असा आला आहे: रबाळे एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या शाश्वतता अहवालाचा मराठी सारांश करायचा आहे. 'स्टेकहोल्डर', म्हणजे कंपनीच्या कामाशी ज्याचे हित जोडलेले आहे किंवा ज्याला त्याची झळ बसते तो, यासाठी कोणी भागधारक लिहितात, कोणी हितधारक, कोणी हितसंबंधी. बरोबर काय? आणि 'स्टेकहोल्डर एंगेजमेंट'ला 'हितधारक सहभाग' चालेल का?

भागधारक आधी बाद करा. भाग म्हणजे शेअर हा अर्थ मराठीत पक्का बसला आहे: समभाग, भागभांडवल, भागदाखला. ज्याच्या नावावर शेअर तो भागधारक. ऐरोलीच्या दिवा कोळीवाड्यात 'भागधारकांची सभा' अशी सूचना लावली, तर वाचणारा ती कंपनीची वार्षिक सर्वसाधारण सभा समजेल आणि त्याचे काही चुकणार नाही. त्या सभेची नोटीस पूर्ण 21 दिवस आधी द्यावी लागते आणि मतदान झाले की मत शेअरच्या प्रमाणात मोजतात. खाडीच्या पाण्याबद्दल बोलायला येणाऱ्या मासेमाराकडे शेअर नसतो, तरी कंपनीच्या वागण्याची झळ त्याला बसते. नेमका हाच फरक दाखवायला स्टेकहोल्डर हा शब्द व्यवस्थापनशास्त्रात रुजला. भाषांतरात तोच पुसला गेला तर मग उरले काय?

एक अपवाद मात्र ध्यानात ठेवा. कंपनी कायदा 2013च्या कलम 178मध्ये 'स्टेकहोल्डर्स रिलेशनशिप कमिटी' आहे. नाव मोठे असले तरी ती रोखेधारकांच्या, म्हणजे कंपनीचे शेअर किंवा कर्जरोखे ज्यांच्याकडे आहेत त्यांच्या, तक्रारी पाहते: लाभांश मिळाला नाही, वार्षिक अहवाल पोहोचला नाही, शेअर नावावर झाले नाहीत. म्हणजे एकाच अहवालात हा शब्द दोन अर्थांनी येतो. समितीचे नाव देवनागरीत जसेच्या तसे ठेवा आणि पुढे 'रोखेधारकांच्या तक्रारींसाठी' एवढे जोडा. शोधा-आणि-बदला करून सगळीकडे एकच शब्द घातला की गडबड होते ती इथे.

हितधारक हिंदीच्या सरकारी वापरातून आला. व्याकरणाने चूक नाही, पण कानाला खटकतो. आपल्याकडे धारक म्हणजे काहीतरी हातात किंवा नावावर असलेला: परवानाधारक, खातेधारक, शिधापत्रिकाधारक. हित आपण जपतो, पाहतो, साधतो; धारण करत नाही. हितसंबंधी हा त्याहून मराठी वळणाचा, पण त्याचीही अडचण आहे. 'यात काहींचे हितसंबंध गुंतले आहेत' हे आपण कौतुकाने म्हणत नाही. गावात वाटायच्या पत्रकात लोकांना 'हितसंबंधी' म्हटले तर त्यांना ते बोचेल. म्हणून माझा कौल असा: अहवालाच्या मथळ्यात 'हितसंबंधित घटक' लिहा, आणि मजकुरात शक्य तिथे माणसांचे थेट नाव घ्या. कंत्राटी कामगार, टँकरवाले, सुट्या भागांचे पुरवठादार, तळवली-घणसोलीतले रहिवासी, मासेमार सोसायटी.

हे सोयीचेही आहे. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिने 2021मध्ये आणलेला बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांवरच्या अहवालाचा नमुना, 2022-23पासून बाजारमूल्याने पहिल्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना सक्तीचा झाला. त्यातल्या चौथ्या तत्त्वाखालच्या तक्त्यात प्रत्येक गटाचे नावच लिहायचे असते: गट कोणता, तो दुर्बल किंवा वंचित आहे का, संपर्क कोणत्या मार्गाने, किती वेळा, कशासाठी.

दोन शब्द मात्र नवी मुंबईत फार जपून वापरा. 'प्रकल्पग्रस्त' हा इथे सैल शब्द नाही. सिडकोसाठी ज्या 95 गावांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या हक्काचा तो शब्द आहे. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात विकसित भूखंड देणारी साडेबारा टक्क्यांची योजना त्याला जोडलेली आहे. कारखान्याच्या वासाचा त्रास होणाऱ्या भाडेकरूला 'बाधित' म्हणा. आणि 'लाभार्थी' तर नकोच. ज्याला झळ बसते त्यालाही तो उपकाराखाली बसवतो.

आता एंगेजमेंट. 'सहभाग' लोक घेतात. कंपनी करते ती वेगळी गोष्ट. 'संवाद' बरा, पण त्याच्या आडोशाला काहीही लपते. कळवले, विचारले, ठरवताना सोबत घेतले, या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि मराठीची क्रियापदे त्या स्वच्छ दाखवतात. 'कंपनीने हितधारकांशी प्रभावी सहभाग साधला' या वाक्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी, खरोखर घडले असेल तर, असे लिहा: 'सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्राकडे जाणाऱ्या पाण्याचे आकडे मासेमार सोसायटीला पत्राने कळवले. बैठकीत त्यांचे म्हणणे ऐकले. त्यांनी सुचवलेल्या ठिकाणी नमुना घेणे सुरू केले.' तिसरे वाक्य लिहिता येत नसेल तर दुसऱ्यावर थांबा.

बैठकीबद्दल लिहिताना कोण हजर होते तेही लिहा. ठेकेदार समोर बसला असेल तर कंत्राटी कामगार 'सगळं ठीक आहे' एवढेच म्हणतो. ते त्याचे मत म्हणून नोंदवणे खोटेपणा ठरेल. मासेमारांची बैठक अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ठेवली की डोल, म्हणजे प्रवाहात बांधायचे पिशवीसारखे जाळे, लावणारे पाण्यावर असतात, आणि अहवालात 'अल्प प्रतिसाद' असे उमटते. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असलेल्या दिवसांत, माणसे भेटतात.

'जनसुनावणी' हा शब्द कंपनीने स्वतः बोलावलेल्या बैठकीला लावू नका. 2006च्या पर्यावरण आघात अधिसूचनेप्रमाणे ती प्रदूषण नियंत्रण मंडळ घेते, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी असतो, लोकांना किमान 30 दिवसांची सूचना द्यावी लागते आणि प्रकल्पाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. कंपनीच्या सभागृहातल्या चर्चेला 'बैठक' पुरे.