यंत्र-विचारणा : तापमान चढले, दुखणे कुठे?

प्रश्न : माझे शिवाजी उद्यमनगरात लेथचे वर्कशॉप आहे. मुलगा गॅस टर्बाइनच्या वीजकेंद्रात लागलाय. तो म्हणतो, पाती अर्धा मिलिमीटर झिजली तरी मशीनची ताकद उतरते. आमच्याकडे शेतावरची डिझेल इंजिने त्याहून झिजलेले लायनर घेऊन चालत येतात. मग टर्बाइन एवढे नाजूक का? झीज नेमकी कुठे आहे हे न उघडता कळते का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मुलगा बरोबर सांगतोय. किनाऱ्यालगतच्या एका गॅस टर्बाइन केंद्रात माझी नोकरीची सगळी वर्षे गेली, म्हणून हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा.

आधी हिशेब बघा. टर्बाइन 100 भाग काम करत असेल, तर त्यातले 60 च्या आसपास पुढे बसलेला, हवा दाबून आत देणारा कॉम्प्रेसरच खातो. जनरेटरला उरतात 40. आता कॉम्प्रेसरची कार्यक्षमता 2 टक्क्यांनी घसरली, तर त्याला 60 ऐवजी 61.2 लागतात आणि हाती 38.8 राहतात. तिकडचे 2 टक्के इकडे 3 होऊन बसतात. मळलेल्या पात्यांतून हवाही कमी येते, तो तोटा वेगळाच.

अर्धा मिलिमीटर म्हणजे तुमच्या भाषेत 20 थाऊ (इंचाचे हजारावे भाग). पाते 50 मिलिमीटर उंच असेल, तर टोक आणि केसिंग यांतली फट उंचीच्या एका टक्क्याने वाढली. ढोबळ मानाने त्या टप्प्याची (पात्यांच्या एका रांगेची) 1 ते 2 टक्के कार्यक्षमता तिथेच जाते, कारण हवा पात्याचे काम न घेता टोकावरून पळ काढते. कॉम्प्रेसरच्या शेवटच्या टप्प्यांची पाती आखूड असतात, त्यामुळे तिथे तेवढीच फट फार महाग पडते.

आणि मशीन तक्रार करत नाही, ही खरी अडचण. लोड तेवढाच हवा असेल तर गव्हर्नर (इंधन कमी-जास्त करणारी यंत्रणा) गुपचूप जास्त इंधन सोडतो. मेगावॉटचा काटा जागेवर, तापमान मात्र वर. पूर्ण लोडवर तापमानाची मर्यादा आडवी येते, तेव्हा कुठे मेगावॉट उतरलेले दिसतात. तोवर पात्यांनी सोसलेले असते. पात्याच्या धातूचे तापमान 10-15 अंशांनी वाढले तरी त्याचे क्रीपचे (उष्णता आणि ताणाखाली धातू हळूहळू लांबण्याचे) आयुष्य निम्म्यावर येऊ शकते. एका भागाची झीज दुसऱ्या भागाला अशी मारते.

आता न उघडता कसे कळते? एकट्या तापमानावरून कळत नाही. हे मी अनुभवाने सांगतो. एका मे महिन्यात आमच्या एका युनिटच्या एक्झॉस्टचे (बाहेर पडणाऱ्या गॅसचे) तापमान त्याच लोडला 11 अंशांनी जास्त दिसू लागले. टर्बाइनची पाती गेली असे सगळ्यांनी धरले, केसिंग उघडायची तारीखही ठरली. मी आधी बाहेरच्या हवेचा हिशेब काढला. हवा एक अंशाने तापली की आउटपुट साधारण अर्ध्या टक्क्याहून जास्त उतरते, म्हणून जानेवारीचे आकडे मेच्या आकड्यांशेजारी तसेच मांडायचे नसतात. (जागेचेही तसेच. आपले कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर आहे. समुद्रकाठचे मशीन इथे आणले, तर काहीही न बिघडता सुमारे 6 टक्के कमी देईल.) हवेचा फरक वजा करूनही 7 अंश उरले. मग कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या हवेचा दाब आणि तापमान जोडीने पाहिले.

ही जोडी फार बोलकी असते. कॉम्प्रेसर मळला किंवा झिजला, तर दाबाच्या मानाने हवा जास्त गरम निघते. टर्बाइनच्या पहिल्या नोझलची (गॅसला दिशा देणारी स्थिर) पाती झिजून वाट रुंद झाली, तर दाब उतरतो, पण हवेचे तापमानही त्याच प्रमाणात उतरते. कॉम्प्रेसर निर्दोष ठरतो. बर्नरचे नोझल चोंदले, तर सरासरी फारशी हलत नाही, एक्झॉस्टभोवतीच्या थर्मोकपलांतला (तापमान मोजणाऱ्या तारांतला) फरक वाढतो. त्यातही गॅस टर्बाइनमधून फिरत जातो, त्यामुळे थंड जागा दिसते तिच्या सरळ पुढे दोषी बर्नर नसतो. नव्या पोरांनी यात चुकीचा बर्नर काढलेला मी पाहिलाय.

आमच्या युनिटमध्ये यातले एकही चित्र जुळेना. शेवटी ब्लीड व्हॉल्व्हच्या (कॉम्प्रेसरमधली हवा गरजेपुरती बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या) पुढची पाइप तपासली. व्हॉल्व्ह बंद असताना ती गार हवी होती, निघाली चटका बसेल अशी. सीट (झडप जिथे घट्ट बसते ती जागा) खराब झाल्याने दाबलेली हवा सतत बाहेर जात होती. इतक्या कष्टाने दाबलेली हवा फुकट, आणि तिची भरपाई इंधनातून. सीट बदलली, तापमान जागेवर आले, केसिंगला हात लावावा लागला नाही. तुमच्या मुलाला सांगा, मशीन नवे असतानाचे किंवा ओव्हरहॉलनंतरचे आकडे वहीत उतरवून ठेव. तुलना करायला दुसरे काही नसते.

प्रश्न : काका, मी डिप्लोमाला आहे. कॉम्प्रेसर धुतल्यावर ताकद परत येते असे सर म्हणाले. सगळी येते का? आणि नळाचे पाणी का चालत नाही?
— एक विद्यार्थिनी, कसबा बावडा

उत्तर : सगळी नाही, बाळ. मळ निघतो, झीज भरत नाही. गळीत हंगामात आपल्याकडे दोरीवरच्या कपड्यांवर काजळी बसते ना, तशीच धूळ, मीठ आणि तेलाचा चिकटा पात्यांवर बसतो. त्यामुळे गेलेली ताकद धुण्याने येते. वाळूने धार बोथट केली असेल, तर पाते बदलण्यावाचून इलाज नाही. नळाच्या पाण्यातले क्षार पात्यांवर राहतात, आणि सोडियम पुढे गरम भागात गेले तर इंधनातल्या गंधकाशी मिळून पाती कुरतडते. म्हणून क्षार काढलेलेच पाणी वापरतात. नीट धुवायचे तर मशीन थांबवून, गार करून, स्टार्टरवर हळू फिरवत साबणाचे पाणी मारतात. चालू मशीनवरही फवारतात, पण त्याने तेवढे साफ होत नाही. पूर्वी चालू कॉम्प्रेसरमध्ये अक्रोडाच्या कवचाचा चुरा, अगदी तांदूळसुद्धा टाकत. पात्यांवर कोटिंग आले, टर्बाइनच्या पात्यांना थंड हवेची बारीक भोके आली, आणि ती बुजायला लागल्यावर ही पद्धत मागे पडली.