पाळक नाही, चर्चची इमारत नाही. घरातच जमलो तर ती मंडळी, म्हणजे ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांचा समुदाय, होते का?

होते. नोकरीसाठी निपाणीला आलात, पाच-सहा विश्वासी ओळखीचे झाले, पण घरातल्या प्रार्थनेला उपासना म्हणायला मन धजत नाही, असं तुम्ही लिहिलंय. आम्ही बेळगावच्या वडगावात गेली अकरा वर्षं घरीच जमतो, म्हणून सांगतो.

पहिल्या मंडळ्या घरातच भरत. यरुशलेमेत योहान मार्काच्या आईचं घर, फिलिप्पैत जांभळी वस्त्रं विकणाऱ्या लुदियाचं, पुढे प्रिस्क आणि अक्विल्ला या तंबू करणाऱ्या नवरा-बायकोचं. सीरियात दुरा-युरोपस इथं तिसऱ्या शतकातलं असं एक घर उत्खननात सापडलंय. दोन खोल्यांमधली भिंत काढून एक मोठी खोली केलेली. आम्हीही लोखंडी कपाट सरकवून तेच करतो.

पण घर आहे म्हणून सगळं आपोआप नीट होत नाही. ग्रीसमधल्या करिंथात लोक प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर मोडून खायला, जमायचे आणि कुणी भरपेट जेवायचा, कुणी उपाशी राहायचा. प्रेषित पौलाने त्यांना चांगलं खडसावलं, एकमेकांसाठी थांबा म्हणून.

आमच्याकडूनही तेच झालं. आमच्यातले दोघे मागावर काम करतात, सुटायला साडेआठ होतात. आम्ही साडेसातला बसून भाकर मोडून मोकळे. एका रविवारी त्यातला एक भाऊ दारात आला तेव्हा आत भांडी घासणं चाललं होतं. "असू दे, मी खाऊन आलोय," म्हणाला आणि बाहीला चिकटलेलं सूत काढत उभा राहिला. खाऊन आला नव्हता. ते मला अजून लागतं. पुढच्या रविवारपासून आम्ही नऊला बसतो. मावशी जोंधळ्याची भाकरी तव्यावरून उतरवतात, तीच मोडून हातोहात फिरते. एक अक्का कन्नडमध्ये प्रार्थना करतात. सगळ्यांना शब्द न् शब्द कळत नाही, पण आमेन सगळे म्हणतात.

बायबलमधलं वचन आळीपाळीने सांगा, एकट्यानेच बोलू नका. दानाची वही ठेवा, पैसे दोघांनी मोजा. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, दार उघडं ठेवा. बाप्तिस्मा आणि लग्नाला आम्ही शहरातल्या चर्चच्या पाळकांकडे जातो, त्यांच्याशी नातं तोडलेलं नाही. तुम्हीही तोडू नका.

आणि वेळ ठरवताना सगळ्यांत उशिरा कामावरून सुटणाऱ्याला आधी विचारा.