‘हा उपचार नव्हे’, मग इंजेक्शन कसले?

शिरपूरच्या एका ताईंचे पत्र आले आहे. जळगावच्या एका वजन घटवणाऱ्या केंद्रात त्यांनी ५२ हजार रुपये भरले. दोन वेळा पावडर, एक वेळ काकडी-टमाटा आणि आठवड्याला एक इंजेक्शन. अडीच महिन्यांत १७ किलो उतरले. मग पोटात कळा, सोनोग्राफीत पित्ताशयात खडे, आणि धुळ्याला ऑपरेशन. केंद्रवाले म्हणतात, फॉर्मवर तुमची सही आहे, पैसे मिळणार नाहीत. त्या विचारतात, सही केली म्हणजे सगळे संपले का? लग्नसराईनंतर भुसावळ, चोपडा, शहाद्याहूनही अशीच पत्रे येतात, म्हणून उत्तर इथे देतो.

ताई, फॉर्मचा फोटो पाठवलात हे फार बरे केले. त्यातले कलम ९ तेवढे नीट वाचा. ‘ही सेवा वैद्यकीय उपचार नसून जीवनशैली मार्गदर्शन आहे. शारीरिक तक्रारीस संस्था जबाबदार राहणार नाही.’ पैसे भरण्याआधी हे वाचायला दोन मिनिटे लागली असती. आता मात्र हेच कलम तुमच्या कामाचे आहे.

डॉक्टरविरुद्ध निष्काळजीपणा सिद्ध करणे अवघड असते. सामान्य कुशल डॉक्टरने जे केले नसते ते यांनी केले, हे तज्ज्ञाच्या मताने दाखवावे लागते, आणि डॉक्टर डॉक्टरविरुद्ध सहसा लिहून देत नाहीत. तुमच्या केंद्राने ‘आम्ही उपचार करतच नाही’ असे छापून ही ढाल स्वतःच खाली ठेवली आहे. मग इंजेक्शन कोणी दिले? उपचार होता म्हणाले, तर नोंदणीकृत डॉक्टर, चिठ्ठी आणि केसपेपर दाखवावा लागेल. उपचार नव्हता म्हणाले, तर नोंदणी नसताना वैद्यक व्यवसाय केल्याचा प्रश्न उभा राहतो, आणि महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ च्या कलम ३३ खाली तो गुन्हा आहे. दोन्हीकडून ते अडकतात. म्हणून या प्रकरणात इंजेक्शन कोणते होते आणि ते कोणी टोचले, एवढाच मुद्दा निर्णायक आहे. नेमके तेच तुमच्या चार पानी पत्रात नाही!

आजच स्पीड पोस्टाने तुमच्या सगळ्या नोंदी मागा. रुग्णाने मागितल्यावर डॉक्टरने ७२ तासांत कागद द्यावेत, असा नियम आहे. ‘आमच्याकडे नोंदी नाहीत’ असे त्यांनी लिहून दिले, तर ते उत्तर जपून ठेवा.

खड्यांबद्दल मी जपून बोलतो. वजन झपाट्याने उतरले की पित्ताचे खडे होण्याचा धोका वाढतो, हे वैद्यकशास्त्राला मान्य आहे. पण तुमचे खडे त्यामुळेच झाले का, हे वकिलाने सांगायचे नसते. ऑपरेशन करणाऱ्या सर्जनचे लेखी मत घ्या. केंद्रात जाण्याआधीची सोनोग्राफी असेल तर तीही शोधा.

आता तारीख. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीला दोन वर्षे मिळतात. ऑपरेशन होऊन सोळा महिने झाले, आणि ते ‘साहेब पुण्याहून आले की बघू’ या व्हॉट्सॲप निरोपांवर गेले. त्या निरोपांनी मुदत वाढली असे मानू नका. वकिलाच्या नोटिशीनेही ती थांबत नाही. मुदत मी तर पहिल्या दुखण्याच्या दिवसापासूनच मोजेन.

फॉर्मवर ‘पुणे न्यायालय’ छापले आहे म्हणून पुण्याला जायची गरज नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे धुळ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात, तक्रार करता येते. तुम्ही भरलेला मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने शुल्कही नाही. तक्रारीत ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ म्हणा. करारच अनुचित ठरवून मागितलात, तर प्रकरण राज्य आयोगाकडे जाईल.

कायदा म्हणतो, निकाल तीन महिन्यांत. आयोगाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या माणसांपुढे हे वाक्य उच्चारायची मला लाज वाटते. पण समोरच्याला उत्तरासाठी ३० अधिक १५ दिवसच मिळतात, त्यापुढे एक दिवसही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ठरवून दिले आहे. सेहेचाळिसाव्या दिवशी उभे राहून ते सांगा.

केंद्र बंद होईल का, असेही विचारलेत. इथे मला फार चीड येते. आपला नर्सिंग होम कायदा १९४९ चा, तो रुग्ण दाखल करून घेणाऱ्या जागांना लागतो. केंद्र सरकारचा २०१० चा क्लिनिकल आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. वजनकाटा, खुर्ची आणि फ्लेक्स एवढ्यावर चालणाऱ्या केंद्रात तपासायला जाणार कोण? रक्त कधी तपासावे, आठवड्याला किती वजन उतरू द्यावे, इंजेक्शनला कोण हात लावेल, हे शासनाने लिहून द्यायला हवे. तोवर जळगावच्या अन्न व औषध प्रशासनाकडे इंजेक्शन आणि पावडरीची लेखी तक्रार करा. ‘औषधाने लठ्ठपणा हमखास जातो’ अशी जाहिरात असेल तर तिचा फोटोही जोडा, कारण १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याच्या यादीत लठ्ठपणा आहे.

पावडरचा रिकामा डबा फेकला नसेल तर त्यावरचा अन्न सुरक्षेचा १४ आकडी परवाना क्रमांक उतरवून पाठवा, आणि त्या व्हॉट्सॲप गप्पा पुसू नका.