भोंगा कोणाचा, कशाचा?

*आमच्या नगरपालिकेचा सकाळचा भोंगा पूर्वी खणखणीत वाजायचा. हल्ली तो खालच्या पट्टीत घरघरतो. भोंगा बदलला असेल का? – एक वाचक, जि. सोलापूर*

भोंगा बहुधा जुनाच आहे, त्याची मोटर थकली आहे. या भोंग्यात मोटरच्या दांड्यावर खाचा पाडलेला पंखा असतो आणि त्याच्याभोवती तशाच खाचांचे स्थिर कवच. खाचा समोरासमोर आल्या की हवा बाहेर फेकली जाते, सरकल्या की अडते. पंख्याला ९ खाचा असतील आणि तो मिनिटाला २,८५० फेरे घेत असेल, तर सेकंदाला हवेचे सव्वाचारशेच्या वर ठोके पडतात. तीच भोंग्याची पट्टी. म्हणजे पट्टी उतरली, की फेरे कमी झाले असे समजा. व्होल्टेज पडले असेल, बेअरिंग कोरडे झाले असेल किंवा पाखरांनी आत घरटे केले असेल.

बटण बंद केल्यावरचे शेपूट नीट ऐका. बेअरिंग चांगले असेल तर आवाज सावकाश उतरत जातो. खरखरत चटकन थांबला तर बेअरिंग गेले. आणि थ्री फेज मोटर सुरूच न होता नुसती गुणगुणत असेल, तर एक फेज गेला असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी लगेच बंद करायला सांगा, वाइंडिंग जळते. नगरपालिकेच्या विद्युत विभागाकडे लेखी तक्रार द्या. पुराच्या किंवा आगीच्या वेळी लोकांना जागे करायला हाच भोंगा लागणार आहे.

नवा इलेक्ट्रॉनिक भोंगा बहुतेक वेळा पहिल्या क्षणापासून पूर्ण आवाजात वाजतो आणि तसाच तुटतो. त्याला हे शेपूट नसते.

*पहाटे लांबून गुळण्या केल्यासारखा आवाज येतो, मग तो चढत जाऊन स्थिर होतो. उन्हाळ्यात मात्र येत नाही. – एक वाचक, जि. सांगली*

साखर कारखान्याची वाफेची शिट्टी. थंड पाइपात साचलेले पाणी आधी बाहेर पडते, म्हणून सुरुवातीला गुळगुळ होते. पाइप तापला की सूर चढतो. गळीत हंगाम संपला की शिट्टीही थांबते. पाळी बदलण्याच्या वेळेशी ताडून पाहा. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे आवाज खाली वळतो आणि दिवसा न ऐकू येणारी शिट्टीही कोसावर पोहोचते.

*पावसाळ्यात रात्री दोन वाजता नदीच्या बाजूने थांबून थांबून भोंगा झाला. गावात कोणी उठलेही नाही. – एक वाचक, ता. पाटण*

तुमच्या पत्राने मला फार काळजी वाटली. धरणातून पाणी सोडण्याआधी नदीकाठच्या लोकांना सावध करायला भोंगा वाजवतात. कोयनेचे सहा वक्र दरवाजे उघडायचे असोत किंवा फक्त पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक सोडायचे असो, सेकंदाला सुमारे ५९ हजार लिटर पाणी म्हणजे थोडे नव्हे. अशा वेळी माणसे नदीत उतरतात ती बहुधा पाण्याच्या मोटारी काढायला किंवा जनावरे सोडवायला. मोटार भरून मिळेल. भोंगा झाल्यावर पात्रात उतरू नका, उतरलेल्याला हाक मारून वर घ्या.

वारा उलटा असला, मध्ये डोंगराची सोंड असली, की हा आवाज वाडीपर्यंत येतही नाही. त्यामुळे केवळ भोंग्यावर विसंबू नका. पावसाळ्याआधी पोलीस पाटलांना आणि तलाठ्यांना विचारून ठेवा: भोंगा कुठला, किती वेळ वाजतो, रात्री निरोप कोण देणार. उत्तर मिळाले की ते चावडीच्या फळ्यावर लिहायला लावा.

*७ मे २०२५ च्या सरावात वरखाली होणारा भोंगा ऐकला. ३० जानेवारीचा मात्र सरळ असतो. फरक काय? – एक वाचक, जि. नाशिक*

वरखाली होणारा आवाज हवाई हल्ल्याचा इशारा. तो ऐकला की आत जायचे, खिडक्यांपासून दूर राहायचे, दिवे मालवायचे. एका पट्टीत सलग वाजणारा भोंगा धोका टळल्याचा. ३० जानेवारीला हुतात्म्यांसाठी १०.५९ ते ११ वाजतो, दोन मिनिटे मौन असते आणि ११.०२ ला तो पुन्हा मिनिटभर होतो. म्हणून भोंगा ऐकताच आधी घड्याळ पाहा, मग चढउतार ऐका. मोबाइलवर रेकॉर्ड करून मला पाठवणार असाल तर आवाज लहान होतो की मोठा हे त्यात नीट कळत नाही, मोबाइल तो आपोआप सारखा करतो. पट्टी मात्र बरोबर येते. सोबत वेळ, दिशा आणि वारा कुठून होता, तेवढे जरूर लिहा.