शिवराई पाडताय? मग खूण आधी कोरा

तुमचा प्रश्न वाचला. पोलादाचा ठसा स्वतः कोरलात, राज्याभिषेकाच्या देखाव्यासाठी गच्चीवर शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांची तांब्याची नाणी, पाडताय, चकत्यांच्या कडा फाटतात, 'श्री' उठतो पण 'शिव' पुसट येतो. इथपर्यंत वाचून हसू आलं, कारण हे सगळं मी केलेलं आहे. पण शेवटच्या दोन ओळींनी पोटात गोळा आला: "नाणी जुनी दिसावीत म्हणून हिरवा रंग कसा आणू? आणि पंचवीस नग ह्यूस्टनला बहिणीकडे पाठवायचेत, पार्सलला काही अडचण येते का?"

येते. सविस्तर सांगतो. आधी विचारलेलं उरकून घेतो.

अक्षरं उलटी कोरायची, चष्मा घालायचा, हे तुम्हाला ठाऊक आहेच, त्यात वेळ घालवत नाही. कडा फाटतात याचा अर्थ तांबं कडक झालंय. कापताना, ठोकताना ते कडक होत जातं. अंधारात धरली तर मंद लाल दिसेल इतकी चकती तापवा आणि पाण्यात टाका. पोलाद असं केलं की कडक होतं, तांबं मऊच राहतं. दोन्ही कामं एकाच दिवशी केली की डोक्यात गोंधळ होतो, माझा झाला होता. वर आलेली काळी पापुद्री काढायला ॲसिडच्या मागे लागू नका, चिंच-मीठ लावून रात्रभर ठेवा. आजीचा बंब ज्याने लखलखायचा त्यानेच चकती निघते. इतकं करूनही फाटली तर तांबं भेसळीचं आहे. भंगारातलं 'तांबं' पुष्कळदा पितळेचा चुलतभाऊ असतं. विजेच्या पॅनेलमध्ये जाडजूड तांब्याच्या पट्ट्या असतात, त्यांचे तुकडे मिळाले तर घ्या, ते शुद्ध असतं.

ठसा एका बाजूला उठतो त्याचं कारण बहुतेक वेळा ठशात नसतं, खालच्या ठोकळ्यात असतं. खालचा ठसा ज्यात बसवलाय तो ओंडका घाव बसताच उसळत असेल. माझा बाभळीचा ओंडका वाळूने भरलेल्या घमेल्यात बसवला आणि निम्मा प्रश्न तिथेच सुटला. चकतीचं गणितही बघून घ्या. २० मिलिमीटर व्यास आणि ४ मिलिमीटर जाडी म्हणजे सव्वाअकरा ग्रॅम तांबं झालं. महाराजांच्या काळातल्या शिवराया साधारण ११ ते १३ ग्रॅमच्या मिळतात, म्हणजे वजनाला बरोबर. पण इतकं जाड तांबं एका माणसाच्या हाताने, किलोभराच्या हातोडीने नीट उठणार नाही. दोन किलोचा घण, ठसा धरायला लांब चिमटा आणि चिमटा धरायला दुसरा माणूस लागतो. दुसरा माणूस म्हणजे बायको नव्हे, तो प्रयोग मी केलाय.

आणि अक्षरं कडेला कापली जातात म्हणून रडू नका. खऱ्या शिवराया बघा. एका बाजूला तीन ओळींत 'श्री / राजा / शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र / पति', भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. हे सगळं एकाच नाण्यावर पूर्ण उतरलेलं क्वचितच दिसतं. ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा, घाव सरकायचा. अगदी मधोमध, सगळे ठिपके शाबूत असलेली शिवराई कुणी दाखवली की मला आधी संशय येतो. शुद्धलेखनाचंही तेच. कुठे 'शिव', कुठे 'सिव', कुठे 'सीव', कुठे 'पती'. एक खरं नाणं समोर ठेवा आणि त्याचीच नक्कल करा. दोन वेगळ्या नाण्यांच्या दोन बाजू जोडू नका, आणि पेशवाईतली दुदांडी शिवराई राज्याभिषेकाच्या देखाव्यात आणू नका. जाणकार लगेच पकडतात आणि चारचौघांत पकडतात.

आता मुद्दा.

सात-आठ वर्षांपूर्वी न्यू जर्सीतल्या माझ्या मामेभावाने सांगितलं, आमच्याकडे मुलांची शिवजयंती करतोय, प्रत्येक मुलाच्या हातात एक शिवराई देता आली तर बहार येईल. मी ४० पाडल्या. दीड महिना रविवार घालवले, शेजारच्या काकांची दुपारची झोप घालवली, त्यांचं बोलणं खाल्लं. नाणी झाली झकास. पण ती लालभडक दिसत होती आणि मला ते खुपत होतं. मग मी तेच केलं जे तुम्ही करायला निघालाय. मीठ आणि व्हिनेगर लावून ओल्या शेणखतात तीन आठवडे पुरली. निघाली तेव्हा हिरवीगार, जागोजागी खडबडीत, थेट शेतात नांगराला लागल्यासारखी. आनंदाने नाचायचा बाकी होतो.

आणि मग पार्सलच्या फॉर्मवर, आत काय आहे त्या रकान्यात, छाती फुगवून लिहिलं: 'शिवकालीन नाणी, तांबे, ४० नग.'

'प्रतिकृती' हा शब्द मी लिहिला नाही. विसरलो असं आज सांगतो, पण खरं सांगायचं तर लिहावासा वाटला नाही.

तुम्हाला कायदा माहीत असेल किंवा नसेल, मी वकील नाही, मला समजलं तेवढं सांगतो. १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. त्यात शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू धरतात आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. खरी शिवराई तुमच्या पणजोबांची असली तरी ह्यूस्टनला जाणार नाही. वस्तू जुनी नाही असा दाखला मिळतो, पण तो आधी घ्यायचा असतो. पार्सल अडकल्यावर तो मिळवणं म्हणजे काय, ते पुढे.

पार्सल अडकलं. ज्या कार्यालयात अडकलं त्याचं नाव घेत नाही, शहराचंही नाही. पहिल्या फेरीत सांगितलं, नाणी जुनी नाहीत असा दाखला दुसऱ्या कार्यालयातून आणा. दुसऱ्या कार्यालयात म्हणाले, वस्तू बघितल्याशिवाय दाखला देता येत नाही, नाणी घेऊन या. पहिल्याकडे गेलो, तर दाखल्याशिवाय नाणी बाहेर देता येत नाहीत. हे वर्तुळ मी साडेनऊ आठवडे फिरलो. चार रजा गेल्या, प्रवासखर्च नाण्यांतल्या तांब्याच्या पन्नासपट झाला असेल. एका टेबलावरच्या बाईंशी झालेलं संभाषण मला पाठ आहे:

"ही जुनी नाहीत कशावरून?"

"मी केलीत."

"तुम्ही केलीत कशावरून?"

"बिल आहे तांब्याचं."

"बिल तांब्याचं आहे. नाण्याचं कुठंय?"

त्या बाईंचं काही चुकत नव्हतं, हे आता पटतं. तेव्हा पटलं नव्हतं आणि मी आवाज चढवला. त्याचे दोन आठवडे वेगळे गेले. फाईल कुठल्या तरी कपाटात 'अभिप्रायासाठी' जाऊन बसली. फोन केला की साहेब रजेवर, साहेब आले की फाईल रजेवर. एकदा तर मला फॉर्मचा असा नमुना दिला ज्यात मूर्तीची उंची विचारली होती. मी 'लागू नाही' लिहिलं, तर तो रकाना रिकामा चालत नाही म्हणून परत आला. असो.

शेवटी दहाव्या आठवड्यात वैतागून दोन्ही ठसे, चिमटा आणि चार कोऱ्या चकत्या पिशवीत घालून तिथेच गेलो. म्हटलं, तुमच्यासमोर एक पाडून दाखवतो. फाटकावर पहारेकऱ्याने पिशवी उघडून विचारलं, हे काय? मी म्हटलं, टांकसाळ. चिमटा त्याने ठेवून घेतला, ठसे आत नेऊ दिले.

आत त्या दिवशी एक वयस्कर अधिकारी होते, मला पूर्वी कधी दिसले नव्हते. त्यांनी भिंग काढलं, दहा-बारा नाणी ओळीने मांडली, ठसा हातात घेऊन बघितला. ठसा कोरताना 'जा'च्या कान्याखाली माझी छिन्नी घसरली होती, केसाएवढी तिरकी रेघ. मला तिची लाज वाटायची, मुद्दाम कुणाला दाखवायचो नाही. ती रेघ चाळीसच्या चाळीस नाण्यांवर होती आणि हातातल्या ठशावरही होती. म्हणाले, "हे आधी का नाही आणलंत?" दोन मिनिटं लागली असतील. आठवड्याभरात कागद झाला.

तोवर शिवजयंती होऊन महिना उलटला होता. तिकडच्या मुलांना सोनेरी कागदातली चॉकलेटची नाणी वाटली, असं भाऊ म्हणाला. माझ्या ४० शिवराया घरी परत आल्या, त्यातल्या तीसेक अजून डब्यात आहेत.

म्हणून माझं मत, आणि ते फक्त माझं आहे, बाकीच्यांनी वेगळं सांगितलं तर त्यांच्याशी वाद घालायला मी येणार नाही. ठशावर खूण कोरा, आणि ठशाला पाणी देण्याआधी, म्हणजे तापवून कडक करण्याआधी, कोरा. एकदा पोलाद कडक झालं की छिन्नी त्यावर नुसती सरकते. पुन्हा मऊ करायचं, कोरायचं, परत पाणी द्यायचं, यात ठसा तडकायची भीती असते. मी आता मागच्या बाजूला 'पति'खाली बारीक 'प्र' आणि सालाचे शेवटचे दोन आकडे कोरतो. दोन फुटांवरून दिसत नाही, भिंगातून लगेच दिसतो. अमेरिकेत पाठवायचं असेल तर तिकडचा १९७३ चा कायदा वेगळा, त्यात नाण्याच्या नकलेवर 'कॉपी' हा शब्द रोमन अक्षरांत खोल दाबलेला लागतो. बहिणीला भेटच देणार, विकणार नाही, तरी दाबा. उद्या तिच्या मुलाने कुणाला विकलं तर?

'पण मग खरं वाटत नाही' असं तुम्ही म्हणाल. एका गोष्टीचा विचार करा. जून १६७४ मध्ये रायगडावर ज्याच्या कमरेच्या कशात, म्हणजे पैशाच्या पिशवीत, नवी शिवराई असेल, ती हिरवी होती का? लालच असणार, फार तर हाताळून तपकिरी. तुम्ही कमरेला कसा लावून, बाराबंदी घालून मावळा म्हणून उभे राहता आणि कशातून साडेतीनशे वर्षं मातीत पडलेलं नाणं काढता, यात इतिहास कुठे आला? हिरवा रंग आपल्याला बाजारातल्या जुन्या नाण्यांनी शिकवलाय. नाणी दोन महिने खिशात किल्ल्यांसोबत वागवा, येतो तो रंग बरोबर. आणि तो हिरवा गंज लहान मुलांच्या हातात देण्यासारखा नाहीही, तोंडात घालतात. लबाडीची भीती वेगळीच. बिनखुणेची, पुरून काढलेली माझी तीन नाणी एका मित्राकडून कुणाकडे गेली मला माहीत नाही, आणि जुन्या बाजारात शिवराई दिसली की मी अजून 'जा'खाली रेघ शोधतो.

जाता जाता काही सुट्या गोष्टी. ठशासाठी साधं लोखंड घेऊ नका, पाचव्या घावाला अक्षरं बसतात. ईएन-३१ नावाच्या पोलादाची सळई मिळते, ती घ्या. चुंबक चिकटेनासं होईपर्यंत आणि वर थोडं तापवून तेलात, मग ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासभर. घासलेल्या पोलादावर गव्हाळ रंग आला की झालं. फक्त कोरलेलं टोक कडक करा, घण पडतो ते डोकं मऊच ठेवा, नाहीतर कपच्या उडतात. तेल पेट घेतं, झाकण जवळ ठेवा, हे गच्चीवरच करा, स्वयंपाकघरात नाही.

चलनातली नाणी चकती म्हणून वापरायचा मोह होईल. करू नका, २०११ च्या नाणे कायद्यात चलनी नाणं तोडणं-वितळवणं गुन्हा आहे. पितळेचे होन (महाराजांचं सोन्याचं नाणं) ओतायचा तुमचा बेत वाचला, त्यातला धूर जस्ताचा असतो, रात्री हुडहुडी भरून ताप येतो. ते ओतकाम करणाऱ्याकडे द्या, लाज वाटून घेऊ नका. होन सुमारे २.७ ते २.९ ग्रॅमचा, पितळेत तो हातात हलका लागतो आणि आकारही फसतो, कारण पितळ सोन्याच्या निम्म्याहून कमी जड. मी तो नाद सोडला.

बाकी तुमच्या ठशाचा फोटो बघितला. 'राजा' सुरेख आलाय, 'श्री'ची वेलांटी थोडी जाड आहे, ती नंतर जमेल. फोटोत ठसा अजून चमकतोय, तापवल्याचा रंग दिसत नाही. म्हणजे पाणी दिलेलं नसावं. नसेल तर आज रात्रीच 'पति'खाली जागा बघा. दिलं असेल तर बाजारातून दोन मिलिमीटरचा अक्षरांचा पंच आणा आणि पंचवीसही नाण्यांच्या मागच्या बाजूला मारा, कडेवर नको, अमेरिकेच्या नियमात कडेवरची खूण चालत नाही. फॉर्मवर काय लिहायचं ते आता मी सांगायला नको. आणि फाटलेल्या चकतीचा कडेकडून एक फोटो टाका, भेसळ आहे का ते रंगावरून थोडंफार कळेल.